मार्चमधली पायरी

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. पाठ्यपुस्तकं शाळेची होती, ती शाळेतच राहायची. घरी असायचे ते शिक्षक संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे, अप्पांच्या खाटेखाली, गुलाबी आणि पिवळ्या कागदांचे. अप्पा, म्हणजे माझे वडील, जळकोटजवळच्या एका खेड्यात दोनशिक्षकी शाळेचे मुख्याध्यापक होते आणि संघटनेच्या तालुका शाखेचे चिटणीस. ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता यायला लागलं, असं अव्वा, माझी आई, सांगते. सांगताना ती हसत नाही.

त्यामुळे त्या वर्षी तालुक्याचं पत्रक लिहायला मला सांगितलं, तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. मी लातूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. होस्टेलच्या खोलीत माझ्याकडे कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. मला वाटायचं, नीट लिहिलेलं वाक्य माणसाला जागचं हलवतं. ते हलवतं, हे खरंच आहे. कुणाला हलवतं, एवढंच मी विचारलं नव्हतं.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. आमचा जिल्हा तसा नवाच. तो वेगळा झाला तेव्हा गावात गुलाल उधळला होता, कारण आता साहेब जवळ येणार होते. “साहेब जवळ आले, पाणी लांब गेलं,” असं अव्वा म्हणायची. गावाची विहीर दिवाळीआधीच तळाला गेली. मग टँकर सुरू झाला. तो शाळेसमोर थांबायचा, कारण गावात तेवढीच सपाट जागा. घागरी, डबे, तेलाचे पिंप, सगळं आदल्या दिवसापासून ओळीत लावलेलं. अव्वाचा गुडघा दुखायचा, तरी ती ओळीत उभी राहायची. मास्तरणीला पुढं जाऊ द्या, असं कुणी म्हणालं की तिला राग यायचा.

टँकर कागदावर रोज यायचा आणि खरा एक दिवसाआड. हे अप्पांच्या लक्षात आलं, कारण ते शाळेच्या आवक नोंदवहीत, म्हणजे शाळेला आलेल्या प्रत्येक पत्राची नोंद होते त्या वहीत, टँकर आला की तारीख आणि वेळ टाकायचे. तसा नियम नव्हता. पण शाळेच्या दारात जे येतं ते आवकच, असं त्यांचं म्हणणं. पुढे गावानं तहसीलला तक्रार केली, तेव्हा त्या वहीचा उतारा सोबत जोडला. तो उतारा सोडला तर गावाकडे दुसरा पुरावा नव्हता.

त्याच हिवाळ्यात वेतन आयोगाचा निकाल शिक्षकांना लागू झाला. नवी वेतनश्रेणी मागल्या एका जानेवारीपासून धरायची होती, म्हणजे मधल्या दोनेक वर्षांचा फरक मिळणार होता. परिपत्रक शाळेत आलं त्या दिवशी मी घरी होते. अप्पांनी अव्वाला आणि मला समोर बसवलं आणि खडूनं फरशीवर तीन पायऱ्या काढल्या.

“हे बघ,” ते म्हणाले, “जानेवारीपासून नव्या पगारात गेलो तर मी ह्या पायरीवर बसतो. पण त्याच वर्षी मार्चमधी मला जुन्या पगारात निवडश्रेणी, म्हंजे वरची श्रेणी, लागली. ती घेऊन मग नव्यात गेलो तर मी हितं बसतो. एक पायरी वर.”

“मंग मार्चमधी जा की,” अव्वा म्हणाली.

“हाव. पण तसं लिहून द्यावं लागतंय. विकल्प म्हणतात त्याला. मुदतीत न्हाई दिला तर जानेवारीच धरतात.”

“तोटा काय त्यात?”

“दोन महिन्यांचा फरक कमी मिळंल. पण पगार वाढतो, अन् निवृत्त झालो की पेन्शन बी त्याच पायरीवर ठरती. जल्मभर.”

अप्पांच्या निवृत्तीला जेमतेम दीड वर्ष राहिलं होतं. अव्वानं त्या खडूच्या पायरीवर बोट ठेवलं. मग तिनं विचारलं, “लातुरात दोन खोल्यांचं भाडं किती हाय गं?” मी सांगितलं. पायरी आणि भाडं जवळजवळ सारखंच निघालं. नळाला पाणी असलेल्या दोन खोल्या. फरशी पुसताना तेवढा कोपरा तिनं दोन दिवस सोडला होता.

आयोगाच्या निकालात एक खोच होती. फरक रोख मिळणार नव्हता. तो भविष्य निर्वाह निधीत टाकायचा आणि निवृत्तीलाच हातात यायचा. दुष्काळात ज्यांच्या घरी जनावरं विकायची वेळ आली होती त्या शिक्षकांना हे झोंबलं. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर जळकोटच्या शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमले. दूध नव्हतं म्हणून काळा चहा होता. तालुका अध्यक्ष गुरुजींनी टेबलावर हात आपटला आणि ठराव मांडला: फरक रोख मिळेपर्यंत तालुक्यातल्या एकाही शिक्षकानं विकल्पाचा फॉर्म द्यायचा नाही. कार्यालयाचं काम अडलं की वरचे आपोआप वाकतील. सगळ्यांनी हात वर केले.

“पत्रक कोण लिहिणार?” कुणीतरी विचारलं.

“चिटणिसांची लेक हाय की,” अध्यक्ष गुरुजी म्हणाले. “हिच्या हातात पेन दिला की समोरचा गारच. हिला एखाद्या गटविकास अधिकाऱ्याच्या घरी दिली पाहिजे, मंग आपली सगळी बिलं वेळेवर निघतील.”

सगळे हसले. मी नाही हसले. मी तिथंच भिंतीला टेकून लिहायला बसले. “फरक आमच्या घामाचा आहे, तो आमच्या हातात द्या” अशी सुरुवात होती. शेवट असा होता: “विकल्पावर सही करणारा हात हा सहकाऱ्याचा गळा धरणारा हात आहे.”

अप्पांनी चष्मा वर करून वाचलं. “शेवटचं वाक्य जड झालंय.”

“जडच पाहिजे, अप्पा.”

“जड वाक्य उचलायला माणसं लागतात,” ते म्हणाले. पण मग ते उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. आता ऐकू आल्या की थकवा येतो.

स्टेन्सिल मी स्वतः कापली. सायक्लोस्टाइलच्या शाईनं माझी बोटं आठवडाभर काळी होती.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी अप्पा पगारपत्रक द्यायला उदगीरला गेले होते. भरलेला फॉर्म त्यांच्या पिशवीत होता. मार्च महिना पेन्सिलीनं लिहिलेला, सही तेवढी बाकी. तो त्यांनी कधीचाच भरून ठेवला होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. संध्याकाळी ते परत आले. मी विचारलं, “दिला नाही ना?”

“न्हाई दिला.”

मला अभिमान वाटला. हे लिहायलाच हवं, कारण पुढचं सगळं लिहिताना हात तिथंच अडतो. मी अव्वाला जाऊन सांगितलं, अप्पा शब्दाचे पक्के आहेत म्हणून. ती भाकरी थापत होती. “पक्के हायत,” ती म्हणाली, आणि थापटी जरा जोरात पडली.

फरक रोख मिळाला नाही. वरचे कुणी वाकले नाहीत. कार्यालयाचं कामही अडलं नाही, आणि ते का अडलं नाही हे आम्हाला तीन महिन्यांनी कळलं.

नव्या पगाराचं पहिलं पत्रक तयार झालं तेव्हा अप्पा चिटणीस या नात्यानं सगळ्यांचे आकडे तपासायला बसले. प्रत्येक नावापुढे एक रकाना होता: विकल्प दिला की नाही, कोणत्या तारखेचा. पान उलटत गेले. दिला. दिला. दिला. अध्यक्ष गुरुजींनी ठराव झाल्यावर चौथ्याच दिवशी दिला होता. दोन-तीन पानांच्या त्या पत्रकात एकच रकाना मोकळा होता.

पगाराच्या दिवशी जळकोटला बँकेसमोर अध्यक्ष गुरुजी भेटले. मी अप्पांच्या सोबत होते. त्यांनी आधी खिशातून सुपारी काढून अप्पांना दिली आणि मग विचारलं, “गुरुजी, तुमी खरंच न्हाई दिला?”

“ठराव होता.”

“आवो, ठराव होता म्हणून काय झालं! आमाला वाटलं तुमी सगळ्यात आधी दिला असंल. चिटणीस तुमी. आदेश आधी तुमच्याच हातात आलता.”

“मी वाचून दाखवलं होतं, अध्यक्ष. गळा धरणारा हात म्हणून.”

अध्यक्ष गुरुजींना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. “पत्रक लोकांसाठी असतंय, गुरुजी,” ते हळू म्हणाले. “घरच्यासाठी न्हाई.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पण पोरी, लिहिलं होतंस मात्र लई भारी. माझी बायको बी वाचून गप झाली.”

मी त्यांना तिथं बँकेच्या पायरीवर बरंच काही बोलले. ढोंगी म्हणाले. लोक थांबून बघायला लागले. अप्पांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, “चल, बस निघंल.” बस निघायला तास होता.

मी हरणारी नव्हते. उशिरा विकल्प देण्यासाठी अर्ज करता येतो असं मला होस्टेलवरच्या एका मैत्रिणीकडून कळलं होतं. अप्पांना मी लातूरला बोलावून घेतलं. शिक्षण विभागाचं कार्यालय तेव्हा मोंढ्यामागं, म्हणजे धान्यबाजाराच्या पाठीमागं, भाड्याच्या इमारतीत होतं. बाजूला डाळीची मिल, त्यामुळे खिडकीतून तुरीचं टरफल उडून फायलींवर बसायचं. जुन्या जिल्ह्याहून आलेली शिक्षकांची सेवापुस्तकं अजून पोत्यांतच होती. कपाटांवर जुन्या जिल्ह्याचं नाव चुन्यानं पुसलं होतं, पण वाचता येत होतं.

आस्थापनेचा बाबू तरुण आणि बरा माणूस होता. त्यानं अप्पांना खुर्ची दिली. “बोला गुरुजी.”

“भाऊसाहेब, विकल्प द्यायचा राहिला.”

“काहून राहिला?”

“संघटनेचा ठराव होता, द्यायचा नाही म्हणून.”

भाऊसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. “गुरुजी, हे कारण न्हाई. ही तुमी स्वतःवरच केलेली तक्रार हाय.” मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली. “असं करा. अर्जात लिहा, आदेश उशिरा मिळाला. त्याच्या संगं मुख्याध्यापकाचा दाखला लावा, परिपत्रक शाळेला मुदतीनंतर आलं म्हणून. अन् आवक नोंदवहीचा उतारा. बास. कितीजणांचं असंच करून राहिलो मी. मुख्याध्यापक कोण हायत तुमचे?”

“मीच.”

भाऊसाहेब मोकळेपणानं हसले. “मंग तर बसल्या बसल्या काम! स्वतःलाच दाखला मागा, स्वतःच द्या.”

अप्पाही थोडे हसले. ते हसले म्हणून मला वाटलं, झालं काम.

गावी जाताना बसमध्ये ते खिडकीशी बसले. रस्त्याच्या कडेला रोजगार हमीचं खडी फोडायचं काम चालू होतं. त्यात अप्पांच्या शाळेतली दोन मुलं होती. त्यांनी बसकडे बघून हात केला आणि अप्पांनी काचेवर बोटं टेकवली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं वर्गात बसलो. अप्पांनी कपाटातून आवक नोंदवही काढली. परिपत्रकाची नोंद सापडायला वेळ लागला नाही. अप्पांचं वळणदार अक्षर, तारीख, क्रमांक, विषय: वेतननिश्चिती व विकल्पाबाबत. महिना संपला की पुढचा महिना सुरू करण्याआधी दोन ओळी कोऱ्या सोडायची त्यांची सवय होती. मुदत संपली त्याच्या पुढच्या महिन्याखालीही दोन ओळी कोऱ्या होत्या.

“इथं लिहा,” मी बोट ठेवलं. “वरची नोंद रेघ मारून ‘चुकीची नोंद’ म्हणा. क्रमांक मागच्याचाच, पुढं ‘अ’ जोडा.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला बरं ठाऊक हाय हे.”

“सगळ्यांनी केलंय, अप्पा. ते चोर, आणि आपणच भोगायचं? तुमच्या हक्काची पायरी आहे ती. अव्वाचा गुडघा बघताय ना तुम्ही?”

हे मी बोलले. सहकाऱ्याचा गळा धरणारा हात असं लिहिणारी मीच. त्या वेळी मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. अन्यायाचं वाटोळं करायला थोडा खोटेपणा चालतो, असं माझं त्या घडीचं तत्त्वज्ञान होतं, आणि ते फारतर पंधरा मिनिटांचं होतं.

अप्पांनी पेनचं टोपण काढलं. शाई वाळली होती, म्हणून त्यांनी निब झटकली. फरशीवर दोन थेंब पडले. मग त्यांनी पानं मागं-पुढं केली आणि एका पानावर थांबले.

“हे बघ,” ते म्हणाले.

मी पाहिलं. विकल्पाच्या परिपत्रकाची नोंद ज्या पानावर होती, त्याच पानावर तिच्या वर-खाली टँकरच्या नोंदी होत्या. आला, सकाळी दहा. मग मधला दिवस गेला. आला, सकाळी साडेनऊ. पुन्हा मधला दिवस. आणि मी बोट ठेवलेल्या कोऱ्या ओळींच्या वरही टँकर, खालीही टँकर.

“ह्याच पानांचा उतारा तहसीलला गेलाय,” अप्पा म्हणाले. “चौकशी अजून चालू हाय. टँकरवाला म्हणतो, मास्तरनं वही मागून लिहिली. उद्या साहेब वही मागवतील. ह्या पानावर एक रेघ अन् एक ‘अ’ दिसला की संपलं. मग माझ्या कुठल्याच ओळीला किंमत न्हाई.”

“तोवर तुमच्या अर्जाचं काम झालेलं असेल.”

“अन् गावच्या पाण्याचं?”

मी वहीपासून हात मागं घेतला.

त्यांनी टोपण परत लावलं. “तुला पाटीवर आकडे शिकवताना मी काय सांगितलं होतं? चुकलं तर पुसू नको, बाजूला बरोबर लिही. चुकलेलं बी दिसू दे.” मग ते उठून पाणी प्यायला गेले, आणि माठ रिकामा होता म्हणून तसेच परत आले.

अर्ज त्यांनी दिला. दोन ओळींचा. संघटनेच्या आवाहनानुसार विकल्प मुदतीत दिला नाही, तरी विनंती की स्वीकारावा. मी तो लातूरच्या कार्यालयात नेऊन दिला तेव्हा भाऊसाहेबांनी वाचून मान हलवली आणि माझ्यासाठी चहा मागवला. तो चहा मला पिववेना. महिन्याभरानं एका शब्दाचं उत्तर आलं: मुदतबाह्य. अप्पांनी त्याची आवक नोंद केली. त्या दिवशी टँकर आला नव्हता, म्हणून त्या तारखेला तेवढी एकच नोंद आहे.

टँकरच्या चौकशीत वही पाहिली गेली. त्यानंतर महिनाभर टँकर रोज आला. मग पुन्हा एक दिवसाआड यायला लागला, पण कागदावरही एक दिवसाआडच. अप्पा म्हणाले, एवढं तरी झालं.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला अध्यक्ष गुरुजींनी शाल दिली आणि भाषणात अप्पांना ‘शब्दाला जागणारे’ म्हटलं. पेन्शन जानेवारीच्या पायरीवर ठरली. लातूरच्या खोल्यांचा विषय अव्वानं परत काढला नाही. निधीतला फरक हातात आला, त्यात जानेवारी-फेब्रुवारीचे दोन महिने जास्तीचे होते; मार्चचा विकल्प दिला असता तर ते मिळाले नसते. त्या दोन महिन्यांच्या पैशांतून अव्वानं उदगीरहून एक लोखंडी टाकी आणली. टँकरचं पाणी साठवायला.

याला तीन वर्षं झाली. मी आता लातुरात एका छापखान्यात मुद्रितं तपासते आणि पत्रकं लिहिते, अजूनही. कुणी ठराव घेऊन आलं की मी आधी विचारते, तुमचा स्वतःचा फॉर्म कुठाय, दाखवा. बरेच जण मग दुसऱ्याकडे जातात. मला त्यांचा राग येतो, पण पूर्वीसारखा बँकेच्या पायरीवर ओरडण्याइतका येत नाही. तेवढं बळ राहिलं नाही म्हणा, किंवा माझी शाई कुणाच्या घरावर सांडते ते मी पाहिलंय म्हणा.

गेल्या आठवड्यात घरी गेले होते. पाऊस यंदाही ओढ देतोय. मी ओसरीवर बसून एका पत्रकाचा शेवट लिहीत होते. शेवट मला आता लवकर सापडत नाहीत. बाहेर टँकरचा आवाज आला. अप्पा चष्मा शोधत दाराकडे गेले, वेळ बघायला. आता वही शाळेची नाही, एक जुनी डायरी आहे. अव्वा लंगडत अंगणात आली आणि टाकीचं झाकण काढून माझ्याकडे बघत उभी राहिली.

“ठेव ते,” ती म्हणाली. “आधी पाइप धर.”

मी कागदावर चप्पल ठेवली, उडू नये म्हणून, आणि पाइप धरायला गेले.